बोनट गरम होतं

सकाळी गल्लीतलं एक पोरगं पेढे घेऊन आलं. जुनी पिकअप घेतली म्हणे, २ लाख ८५ हजाराला. मी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, बघायला गेलास तेव्हा बोनटला हात लावला होता का? हसलं. "दादा, तुमचं आपलं कायतरीच. गाडी अर्ध्या सेल्फमधी चालू झाली."

रात्री साडेआठला त्याचा फोन. भाजीचे कॅरेट भरून संभाजीनगरला जाधववाडी मार्केटला निघालं होतं, बदनापूरच्या पुढं टेंपरेचरचा काटा लालवर गेला अन् बोनटखालून वाफ. म्हणलं ऑईलची पट्टी काढून बघ कसं दिसतंय. थोडा वेळ काहीच बोललं नाही. मग म्हणालं, "चहासारखं, दादा."

चहासारखं म्हणजे ऑईलमधी पाणी गेलं. नशीब चांगलं असेल तर नुसतं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग, नसेल तर त्या वरच्या भागालाच, हेडलाच तडा. पेढ्याचा डबा अजून आमच्या फ्रीजवर आहे.

२०१८ ला मोसंबीचे दोन पैसे सुटले तेव्हा मीपण अशीच एक घेतली होती, २ लाख ४० ला. बघायला गेलो तेव्हा बोनट गरम होतं. मालक म्हणाला, आत्ताच डेअरीला दूध घालून आलो. मला खरं वाटलं. वाटणारच, सकाळचे आठ वाजले होते, दुधाचीच वेळ. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली. पोरांनी धक्का मारला, चालू झाली, अन् पांढऱ्या धुरात आख्खी गल्ली दिसेना.

गॅरेजवाल्या चाचांनी चालू इंजिनवर ऑईलचं झाकण काढलं. आतून भसाभस धूर. "बॅक कंप्रेशन है. सुबह ठंडी गाडी देखना था ना, बाबा." एवढंच बोलले. म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. असं इंजिन गरम असलं की गुणी लेकरासारखं चालू होतं, त्याचं खरं दुखणं रात्रभर थंड झाल्यावर कळतं. दूध-बिध काही नव्हतं. मी यायच्या आधी अर्धा तास गाडी चालू ठेवली होती त्यानं.

मग सुरू झालं. चार इंजेक्टर रिपेअर करून १४ हजार. क्लच प्लेट, प्रेशर, बेअरिंग, मजुरीसकट ९. कमानपाटे अन् शाफ्टचे क्रॉस ६. शेवटी इंजिन खोललं, ५६ हजार. आठ महिन्यांत ८५ हजार रुपये, आणि मोसंबी दुसऱ्याच्या गाडीत भाडं देऊन जालन्याला. बायकोनं तेव्हा एक शब्द बोलला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

अन् हे दुखणं लागतं कशानं? दीड टनाच्या गाडीत अडीच टन कोंबायचा, वर एक्स्ट्रा पाटा टाकून घ्यायचा. मग क्लच जळणार नाही तर काय? रेडिएटरमधी कूलंटच्या पैशाला रडायचं अन् बोअरचं पाणी ओतायचं. आपल्या बोअरच्या पाण्यानं चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो, तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसत नसेल का? मे महिन्यात नळ्या चोंदल्या की हेड गेलंच. हे सगळं करून झालं की पॉलिश मारायची, सीट कव्हर नवं, मागं "आई-बाबांचा आशीर्वाद", अन् एखाद्या लेकराच्या गळ्यात बांधायची. वर एजंट दोन्हीकडून कमिशन खाणार. फायनान्सचा बोजा उतरलाय का, फिटनेस सर्टिफिकेट कधी संपतंय, यातलं काही तो सांगत नाही. आठ वर्षांवरच्या मालाच्या गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं हे पोराला मी आज सांगितलं.

चीड मला याची येते की अशा विकणाऱ्याला आपण हुशार म्हणतो. "काय गळ्यात मारली राव!" चहाच्या टपरीवर टाळ्या देतो.

माझा आजा, आईचा बाप, कंधारकडचा. माळेगावच्या जत्रेत बैल विकायचा. लाल कंधारी. आई सांगते, एका बैलाला बुजायची खोड होती, तर भाव ठरवायला रुमालाखाली बोटं धरायच्या आधीच त्यानं ती सांगितली. पैसे कमी आले. हां, बैलबाजारात सगळेच माझ्या आजासारखे नव्हते, दात घासून वय लपवणारे तिथंपण होते. मान्य. आणि नवी घ्या म्हणणारे कमेंटमधी येतील, त्यांनी आधी हप्ता किती बसतो ते बघावं. जुनी घेण्यात चूक काहीच नाही. माझीच इंजिन केल्यावर तीन वर्षं मुकाट्यानं पळाली.

आता लिहायलाच बसलोय तर हेपण लिहितो. ती गाडी मी विकली तेव्हा गिऱ्हाईक सकाळी येणार होतं. मी सहाला उठलो आणि चावी घेऊन खाली गेलो. गाडीत बसलो. चालू केली नाही. त्याला थंडच दाखवली, इंजिनचं काम झालंय हेपण सांगितलं. पण चौथा गिअर कधीमधी निसटायचा, ते नाही सांगितलं. त्याचा कधी फोन आला नाही. आजही अनोळखी नंबर वाजला की आधी तोच आठवतो.

पोरगं अजून बदनापूरच्या पुढंच आहे. कॅरेट दुसऱ्या गाडीत टाकलेत. आईची पोत मोडून घेतलीय गाडी, घरी अजून सांगितलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. गाडी चालू करू नको, टो करूनच आणायची असं सांगितलंय. सकाळी त्याच चाचांकडे नेतोय, हेड उतरवल्यावर कळेल. जालना-संभाजीनगरकडं कुणाच्या ओळखीत चांगलं जुनं हेड असेल तर इनबॉक्समधी सांगा. तडा असेल तर तडा आहे म्हणून सांगा.