गच्चीवरचं वरण

पूर्वी आमच्याकडे काय शिजतंय ते फक्त आमच्या घरात माहीत असायचं. शिट्ट्या मोजून शेजारी फार तर अंदाज बांधत. सोलर कुकर आल्यापासून आज वरण तुरीचं की मुगाचं, भात नवा की जुना, भाजीत बटाटा किती आणि वांगी किती, हे सगळं बिल्डिंगला तोंडपाठ असतं. कारण आमचं निम्मं स्वयंपाकघर आता पाण्याच्या टाकीशेजारी आहे आणि गच्ची सोसायटीची आहे.

कुकर आणला ह्यांनी. नाशिकच्या इंदिरानगरात मार्च उजाडला की फरशीवर पाय ठेववत नाही, त्यात सिलिंडरचा भाव ऐकला की वरून आणखी चटका. "ऊन फुकट आहे, नुसतं वापरायचं," हे म्हणाले. लिफ्ट चौथ्या मजल्यावर संपते आणि पुढचा जिना भांडी घेऊन चढायचा असतो, हे ते बोलले नाहीत.

पेटी तशी साधीच. दुहेरी भिंती, मध्ये ग्लासवूल भरलेलं, आत काळा पत्रा, वर दोन काचांचं झाकण, कडेनं रबराची पट्टी आणि उघडून उभा करायचा आरसा. ऊन काचेतून आत जातं, काळ्या पत्र्यावर पडून त्याची उष्णता होते आणि ती उष्णता काचेतून सहजासहजी बाहेर निसटत नाही. चांगल्या उन्हात आतलं तापमान १०० ते १४० अंशांपर्यंत जातं. डाळ भिजवून ठेवली असेल तर दोन-अडीच तासांत लोण्यासारखी मऊ. करपत नाही, उतू जात नाही, ढवळावंही लागत नाही. १७६७ मध्ये जिनिव्हाच्या होरास द सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञानं काचेच्या पेट्या एकात एक बसवून ऊन कोंडून पाहिलं, तिथून ही परंपरा सुरू होते असं ह्यांनी मला वाचून दाखवलं. हा गृहस्थ आल्प्सचे डोंगर चढायचा म्हणे. त्याला एका मजल्याच्या जिन्याचं काय कौतुक!

खरी गंमत वेळेची. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या पहिल्या पाळीला डबा निघतो तेव्हा सूर्यनारायण समोरच्या बिल्डिंगच्या मागेच असतात. आमच्या मुलाचा डबा त्यामुळे अजून गॅसवरच होतो. बरं, नाशकात सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, साडेबारा उलटल्यावर. घड्याळ पडलं अलाहाबादकडच्या रेखांशाचं, आपण पडलो पार पश्चिमेला. म्हणजे दहाला लावलेलं वरण एकच्या सुमारास तयार. निवृत्त माणसं आणि रविवार एवढ्यांसाठीच हे यंत्र निघालंय अशी माझी पक्की समजूत आहे.

शिवाय सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. पुस्तकात हे वाक्य निरुपद्रवी वाटतं. गच्चीवर त्याचा अर्थ असा की अर्ध्या-पाऊण तासानं कुणीतरी वर जाऊन पेटी फिरवायची, आरसा वाकवायचा आणि टाकीची सावली कुठवर आली ते पाहायचं. डिसेंबरात सूर्य खाली असतो, तेव्हा आरशाशिवाय डाळ ढिम्म हलत नाही. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तो भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आपली सावली पायाखाली गडप होते. त्या दिवसांत पेटीपेक्षा पेटी फिरवणारा लवकर शिजतो.

ह्या कामात आमच्या सासूबाईंना तोड नाही. त्यांचा जन्म कुरडया-सांडगे घालण्यात गेला. "टाकीची सावली तुळशीच्या कुंडीला लागली की उचला," एवढं सांगून त्या खाली कोचावर बसतात आणि वरचं सगळं चुकता कामा नये. वाळवणाच्या दिवसांत गच्चीवरची सगळ्यात चांगली जागा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बटाट्याच्या किसाची. त्यांच्या साडीला पेटीची सावली चार बोटं जरी लागली, तरी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येतो. खाली फक्त "?" एवढंच.

आरसा जरा जास्त वाकला तर उजेड डाळीवर पडायच्या ऐवजी समोरच्या बिल्डिंगमध्ये जातो. तिथले एक आजोबा अकराला गॅलरीत पेपर वाचतात. त्यांनी गॉगल घेतला. तक्रार केली नाही, पण गॉगल घालून आमच्याकडे पाहत बसतात, ते जास्त लागतं.

डब्यांची तऱ्हा वेगळीच. कुकरबरोबर ॲल्युमिनियमचे चार डबे येतात, बाहेरून काळे रंगवलेले. काळ्यावरच तर सगळा खेळ, चकचकीत डबा ऊन परतवून लावतो. भांडी घासणाऱ्या मावशींना मात्र काजळी दिसली. त्यांनी तारेची घासणी घेतली आणि एक डबा असा घासला की त्यात तोंड दिसावं. "ताई, किती वर्षांचं काळं होतं हो!" घामाघूम होऊन म्हणाल्या. दंडावरून ओघळणारं पाणी पुसत डबा त्यांनी मला दोन्ही हातांनी दिला, बक्षीस द्यावं तसा. काय बोलणार? मी चहा केला. (गॅसवर.) त्या डब्यातल्या तांदळानं पुढे दोन वाजेपर्यंत दाद दिली नाही, मग ह्यांनी फळ्याचा काळा रंग आणून त्याला पुन्हा पूर्वपदावर आणलं.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे डोकावणारी माणसं. झाकण उघडलं की कोंडलेली उष्णता भस्सकन जाते आणि मागचा बराच वेळ पाण्यात. गच्चीवर कपडे वाळत घालायला आलेला प्रत्येक जण मात्र "झालं का बघू?" म्हणून झाकणाला हात घालतो. मग चटका बसतो, मग "बाई, खरंच तापतं की!" आणि मग मीठ कमी आहे का, यावर चर्चा. ह्यांनी "कृपया उघडू नये" अशी चिठ्ठी चिकटवली. ती वाचायला आणखी चार जण आले.

फोडणी आणि पोळी ह्या पेटीत होत नाहीत, एवढं तेल तापायला किंवा पोळी फुगायला आच पुरत नाही. म्हणजे वरण खाली आणून गॅसवर फोडणी द्यायचीच. यावरून मी एकदा कुरकुरले तर हे म्हणाले, "शिर्डीला प्रसादालयावर २००९ मध्ये ऊन गोळा करणाऱ्या ७३ तबकड्या बसवल्या. त्यांच्या वाफेवर हजारो माणसांचं शिजतं. तुम्हाला चार माणसांचं जड जातंय?"

सासूबाई कोचावरूनच म्हणाल्या, "तिथे बाबा आहेत."

पावसाळ्यात पेटी घरात येते. जून ते सप्टेंबर तिच्यात गणपतीच्या आरतीची पुस्तकं, झांजा आणि आकाशकंदिलाच्या वायरी असतात.

एक मान्य करायला हवं. शेंगदाणे ह्या पेटीत भाजावेत तर असे! एकही डाग नाही, सालं चोळताक्षणी मोकळी, कूट पांढरंशुभ्र. आणि रताळी. पाण्याचा थेंब न घालता नुसती धुऊन ठेवायची. हळूहळू तापत गेल्यानं रताळ्यातल्या पिठुळाची साखर होत जाते, सालीवर चिकट पाक सुटतो. महाशिवरात्रीला सासूबाईंनी ती ताटलीभर करून शेजारी वाटली, तिथेच घात झाला.

आता रोज सकाळी बेल वाजते. कुणाचे दाणे, कुणाचा रवा, कुणाचे नाचणीच्या बिस्किटांचे गोळे. झाकण उघडू नका म्हणून ज्यांना सांगायचं, तेच आता दुसऱ्यांना दटावतात, "उघडू नका, आमचे दाणे आहेत!" सासूबाईंनी नोंदवही केलीय. बुधवार बटाट्याच्या किसवाल्या काकूंचा, त्यामुळे त्यांचे फोटो बंद झाले. समोरच्या गॉगलवाल्या आजोबांनी सुनेच्या हाती मक्याची कणसं पाठवली. आमचं वरण गेले कित्येक दिवस गॅसवर होतंय, कारण पेटी रिकामी नसते.

"एकादशीला पेटी आपली. कुणाला द्यायची नाही," असं सासूबाईंनी वहीत लाल शाईनं लिहिलंय. काल रात्री सेक्रेटरीकाका आले, हातात दीड किलो रताळी. गच्चीचा वापर खासगी कामासाठी करू नये, अशी नोटीस ह्याच काकांनी लावली होती. पिशवी टेबलावर ठेवून म्हणाले, "वहिनी, नोटिशीचं काय ते मीटिंगमध्ये बघू. ही जरा कडेच्या डब्यात बसतील ना?"