पिंपळालाही रात्र असते

‘पिंपळ हा एकमेव वृक्ष चोवीस तास ऑक्सिजन देतो, रात्री त्याखाली झोपलं की आजार पळतात, हे ठाऊक होतं म्हणूनच पूर्वजांनी त्याची पूजा सुरू केली.’ वटपौर्णिमा जवळ आली की हा मेसेज हमखास येतो. (वड वेगळा, पिंपळ वेगळा, पण पुढे ढकलणाऱ्याला तेवढी फुरसत कुठे!)

आधी ते चोवीस तास. पानातून निघणारा ऑक्सिजन पाण्याचा रेणू फुटून येतो आणि तो फोडायला उजेड लागतो. पाण्यात बुडवलेली हिरवी पानं उन्हात बुडबुडे सोडतात, अंधारात सोडत नाहीत, हे डच शास्त्रज्ञ यान इंगेनहाउझने १७७९ मध्येच छापलं. शाळेत हायड्रिलावर नरसाळं पालथं घालून आपणही तेच पाहिलंय. ऊन गेलं की बुडबुड्यांची माळ तुटायची. रात्री पिंपळ आपल्यासारखाच ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो.

यावर कुणी जाणकार म्हणतो, ‘काही झाडं रात्री वेगळी वागतात.’ वागतात ना. कुंडीतली पानफुटीच घ्या. तिचं पान पहाटे आंबट लागतं आणि दुपारपर्यंत बेचव होतं. भारतात राहिलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइनची ही नोंद १८१५ मध्ये छापली गेली. पानफुटी रात्री रंध्रं (पानावरची बारीक छिद्रं) उघडून कार्बन डायऑक्साइड घेते, आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा, रंध्रं मिटलेली असताना, तो साठा वापरते. कोरफड आणि निवडुंगही पाणी वाचवायला हेच करतात. थोडक्यात, रात्रपाळीला नुसता माल भरतात, कारखाना उजाडल्यावरच सुरू होतो. पिंपळाला या रांगेत बसवलं तरी रात्रीचा ऑक्सिजन काही मिळत नाही.

याचं उलटं टोकही आहे: ‘पिंपळाखाली रात्री जीव गुदमरतो, मुंज्याची गोष्ट त्यावरूनच.’ तेही नाही. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४. उघड्यावर पानांच्या श्वासाने त्यात जाणवण्याइतका फरक पडत नाही. बंद खोलीत शेजारी घोरणारा माणूस त्याहून जास्त हवा बिघडवतो.

राहिले पूर्वज. पिंपळाची पानं हडप्पा संस्कृतीच्या, म्हणजे चार हजार वर्षांहून जुन्या मुद्रांवर आहेत. ऑक्सिजन वेगळा ओळखला गेला १७७० च्या दशकात. आणि भर वैशाखात दुपारी पारावर टेकलेल्या माणसाला झाड का आवडलं, हे सांगायला वायूचं नाव कशाला लागतं?