आवाज कुणाचा? बोटीचा!

तर तुम्ही मोटरबोट घेतलीत. तीही ग्वाल्हेरात, जिथे समुद्र बघायचा तर आधी रेल्वेचं रिझर्व्हेशन काढावं लागतं. अभिनंदन! लष्कर भागातल्या मराठी घरांत आजवर तलवारी झाल्या, पागा झाल्या, पडके वाडे आणि त्यांचे न संपणारे दावे झाले. बोट तेवढी राहिली होती. गावाजवळच्या तिघरा धरणाच्या पाण्यात ती उतरवायच्या परवानग्यांचं तुमचं तुम्ही बघा. पण आता कानावर आलंय की तुम्ही तिचा आवाज कमी करायच्या मागे लागला आहात. काठावरून कुणीतरी 'केवढा हा भडभडाट' म्हणालं आणि तुम्ही ते मनाला लावून घेतलंत. अहो, असं करू नका. चार गोष्टी हिताच्या सांगतो, त्या ऐका, मग काय ते ठरवा.

आधी आपल्या गावाची रीत बघा. ग्वाल्हेर घराणं ओळखलं जातं ते खुल्या आवाजासाठी. हद्दूखाँ-हस्सूखाँ इथले, कृष्णराव शंकर पंडित इथले, हजिऱ्याला तानसेनाची कबर आणि डिसेंबरात तिथे समारोह. २०२३ मध्ये युनेस्कोनेही आपल्याला संगीताचं शहर म्हणून यादीत घेतलं. अशा गावात तोंड दाबून गाणारी बोट शोभेल का? आवाज कसा मोकळा, पोटातून यायला हवा, आणि तुमच्या बोटीचा नेमका पोटातूनच येतो.

सुराचीही काळजी नको. सिलिंडरात इंधन जळतं, एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडतो आणि कोंडलेला तापलेला वायू धाडकन सुटतो. कानावर येतात ते हे धक्के. चार सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेरीला असे दोन. मिनिटाला साधारण ४,१५० फेऱ्या ठेवल्यात की सेकंदाला १३८ धक्के होतात, म्हणजे काळी एकच्या आसपास षड्ज लागतो. तंबोरे जुळवण्यात लोकांचा अर्धा कार्यक्रम जातो. तुम्ही थ्रॉटल ढकलायचा, बस्स. समोरून लाट आली की फेऱ्या उतरतात आणि सूर जरा घसरतो, पण त्यावर दाद देणाऱ्यांनीच काय ते बोलावं.

शिवाय गप्प राहून काम करणाऱ्या यंत्रांचं आपल्याकडे काय झालं ते आठवा. तिघऱ्याला विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे बसवले होते, तेच जे त्यांनी आधी १९०३ मध्ये पुण्याच्या खडकवासल्याला लावून दाखवले होते. पाणी चढलं की आपसूक उघडायचे, उतरलं की मिटायचे. ना भोंगा, ना आरोळी. सहलीला आलेल्या किती जणांनी त्यांची चौकशी केली, सांगा. तुमच्या बोटीची मात्र चौकशी होते. कधी जाणार, अशी.

आता धोक्याचं. बोटवाल्यांच्या जगात 'वेट एक्झॉस्ट' नावाची एक पद्धत आहे. ती तुम्हाला कळता कामा नये, म्हणून थोडक्यातच सांगतो. इंजिन थंड करायला बाहेरचं पाणी आत घेतलेलं असतंच. ते पाणी फेकून द्यायच्या आधी एक्झॉस्टच्या एल्बोत, म्हणजे वळणाच्या पाइपात, तापलेल्या वायूवर सोडतात. काही शे अंशांचा वायू तिथल्या तिथे एवढा निवतो की पुढे लोखंडी पाइपाच्या जागी रबरी होज चालतो. निवला की आक्रसतो, आक्रसला की त्याची निम्मी मस्ती जाते. पुढे एक बंद डबा असतो, त्याला वॉटरलॉक म्हणतात. त्यात पाणी साचतं, वायूला त्यातून वाट काढावी लागते, आणि शेवटी वायू ते पाणी उचलून बोटीच्या मागच्या फळीतून बाहेर टाकतो. काठावर ऐकू येतं ते सकाळी मोरीत आजोबा चूळ भरतात तसं. आता सांगा, एवढा खर्च करून बोट घेतलीत ती तलावभर चुळा भरत फिरायला?

बरं, हे काम रीतसर करायचं म्हटलं तर बंधनं तरी किती! होजचा व्यास मध्येच बारीक करायचा नाही, नाहीतर धूर इंजिनाकडे उलटा दाब धरतो आणि ताकद जाते. डबा इंजिनापेक्षा खाली हवा. होज पाण्याच्या पातळीच्या वर नेऊन, वळसा देऊन, मग खाली आणायचा. इंजिन पाण्याच्या पातळीखाली असेल तर पाण्याच्या नळीलाही उंचावर हवेचा व्हॉल्व्ह लागतो, नाहीतर बोट नुसती उभी असताना सायफन लागून तलाव हळूहळू सिलिंडरात येतो. आणि पाणी काही हवेसारखं दबत नाही. सकाळी स्टार्टर मारला, पिस्टन वर आला, की कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन सुरू होत नाही म्हणून स्टार्टर मारतच राहिलात तरी तोच प्रसाद: पंप पाणी ढकलत राहतो, ते बाहेर फेकायला धूर नसतो, डबा भरतो आणि पाणी मागे फिरतं. एवढ्या भानगडी लक्षात ठेवणारा माणूस बोट घेतो कशाला? तो एलआयसीत हवा.

त्यापेक्षा आपला देशी उपाय बरा. पाइपाच्या तोंडात बारदान कोंबा. आवाज खरोखर कमी होतो, कारण इंजिनच बंद पडतं.

बोटीचा मिस्त्री ही जात आपल्याकडे दुर्मिळ. ट्रॅक्टरचे मिळतात, पंपाचे मिळतात, बुलेटचे तर गल्लोगल्ली. अशा एखाद्याकडे बोटीचा एल्बो घेऊन जा आणि बघत बसा. तो बोल्ट सोडवील, एल्बो फरशीवर दोनदा आपटील, आतून गंजाचे पोपडे आणि काजळीचा चिखल पडेल. पाणी जिथून वायूवर पडायचं ते भोक काडेपेटीच्या काडीएवढं उरलेलं असेल. म्हणजे दुखणं समोर उघडं पडलेलं आहे: पाणी कमी, वायू गरम, आवाज मोठा, होज करपलेला. भोक साफ केलं, एल्बो बदलला की निम्मं काम झालं. पण मिस्त्री हात पुसत म्हणेल, "भाईसाब, इसको हटाओ, सीधा पाइप डाल दो. मजा आ जाएगा." त्याचं ऐका. हाच सल्ला त्याने बुलेटवाल्यांनाही दिलाय, आणि रात्री साडेअकराला जिन्सीपासून कंपूपर्यंत त्या सल्ल्याचे पडसाद उमटत असतात.

मागे टांगायचं आउटबोर्ड इंजिन असेल तर तुमचं नशीब जरा खोटं. त्या कारखानदारांनी आधीच खोडी करून ठेवली आहे: धूर इंजिनाच्या पायातून खाली नेऊन पंख्याच्या मधोमध पाण्याखाली सोडलेला असतो. मंद चालताना पाण्याच्या वर एका लहान भोकातून थोडी फुरफुर होते तेवढीच. निराश होऊ नका. त्याच इंजिनाच्या बाजूने पाण्याची एक बारीक धार उडत असते. पंप चालू आहे, इंजिनाला पाणी मिळतंय, याची ती खूण. आपल्याकडे धार दिसली की माणूस 'गळतंय' म्हणतो आणि एम-सील लावतो. लावा. मग पंप कधी बसला ते कळणार नाही, इंजिन तापेल, आणि कधी ना कधी असा एक आवाज होईल की सायलेन्सरचा विषयच निकालात निघेल.

इथे एक वाक्य थट्टा सोडून. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही. फाटका होज आणि चारी बाजूंनी ताडपत्री बांधलेली बोट ही गाठ जीवघेणी आहे. मागच्या फळीवर पाय सोडून बसलेली पोरंही त्या धुरातच असतात. आवाज ठेवायचा तर ठेवा, होज मात्र आज बदला. झालं. आता पुन्हा मूळ कामाकडे.

डेसिबलवाले भेटतील. त्यांना घाबरू नका, त्यांचं गणित तुमच्याच सोयीचं आहे. आवाजाची ऊर्जा दहा हिश्शांतले नऊ हिस्से गिळून एकावर आणली की मीटर १० डेसिबल उतरतो आणि कान म्हणतो, हं, अर्धा झाला. एवढ्या मेहनतीचं एवढंच फळ! उलट बाजूने बघितलं तर तुमच्या शेजारी तसलीच दुसरी बोट सुरू झाली की फक्त ३ डेसिबल वाढतात. दुप्पट वाटायला दहा बोटी लागतात. म्हणजे चुलतभावाने ईर्ष्येने बोट घेतली तरी तुमच्या कीर्तीला धक्का नाही. नऊ चुलतभावांनी घेतली तर मात्र विचार करावा लागेल.

युरोपात या छंदाच्या बोटींना मर्यादा घातली आहे: इंजिनाच्या ताकदीप्रमाणे ६७, ७२ किंवा ७५ डेसिबल, पंचवीस मीटरवरून मोजून. आपल्याकडे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा. कुणी हे तुमच्यासमोर वाचून दाखवलंच तर तलाव नेमका कोणत्या भागात मोडतो, यावर वाद घाला. शांतता क्षेत्र दवाखाना, शाळा आणि कोर्टाभोवतीचं. पाण्यात यातलं एकही नसतं. हा वाद चालेल तोवर उन्हाळा संपेल.

संध्याकाळची फेरी मात्र चुकवू नका. उन्हं उतरली की पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. मग वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो, सपाट पाण्यावरून घसरत पलीकडच्या काठावर पोहोचतो. दुपारी जी बोट अर्ध्या तलावाला ऐकू जात होती ती संध्याकाळी सगळ्या तलावाची होते.

याचा एक उपफायदा म्हणजे बोटीत मोकळेपणाने बोलता येतं. भडभडाटात काही ऐकू येत नाही म्हणून सगळेच ओरडतात, आणि आपण ओरडतोय हे कुणाच्या लक्षात येत नाही. साखरपुड्यानंतर दोन्हीकडची मंडळी हौसेने फिरायला निघाली आहेत असं समजा. मुलाकडची पुढे, मुलीकडची मागे. मुलीची आत्या वहिनीच्या कानाशी तोंड नेऊन, म्हणजे घसा फोडून, सांगते आहे, "वहिनी, विहीणबाईंच्या पाटल्या बघितल्यास का? सोनं नाही गं ते, सोन्याचं नुसतं पॉ..." आणि नेमकं 'पॉ'वर इंजिन बंद पडतं. 'लिश' पूर्ण आवाजात, पूर्ण तलावावर. पुढच्या फळीवर विहीणबाई पदर नीट करत पाण्याकडे बघतात. तुमच्या बोटीला वॉटरलॉक असता तर आत्या कुजबुजली असती आणि हे सत्य कायमचं झाकून राहिलं असतं. आवाजाचे सामाजिक लाभ असे असतात.

आवाज कमी करण्यात आणखी एक वाईट गोष्ट आहे: त्याखालचं ऐकू येऊ लागतं. एक्झॉस्ट गप्प झाला की कळतं, बेअरिंग खरखरतंय, पंख्याचं एक पातं वाकलंय, फायबरचा तळ थरथरतोय, झाकणाचा बोल्ट गेल्या दिवाळीपासून नाही. दुरुस्तीची यादी एका दमात वाढते. आणि भाच्याने आणलेल्या ब्लूटूथ स्पीकरवर काय लागलंय तेही समजतं, ज्यावर इलाज नाही.

सायलेन्सरच्या बाजूने इतिहासही धड उभा राहत नाही. हायरम मॅक्सिम यांनी मशीनगन काढली. म्हातारपणी त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. त्यांच्या मुलाने, हायरम पर्सी मॅक्सिमने, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंदुकीचा सायलेन्सर काढला आणि तेच तंत्र इंजिनांच्या एक्झॉस्टलाही लावलं. बापाने कमावलेला आवाज मुलाने असा घालवला. आपल्याकडे वाडे असेच गेले.

तरीही कुणी म्हणेल, धूर पाण्याखाली सोडा, माणसांना त्रास नको. सोडा की. फक्त तीच बोट घेऊन चंबळला जाऊ नका. तिथे लांब तोंडाच्या घडियाल मगरी आहेत आणि गंगेतले डॉल्फिन आहेत. त्या डॉल्फिनला जवळजवळ दिसत नाही. आवाज सोडायचा आणि त्याच्या प्रतिध्वनीवर वाट, मासा, सगळं शोधायचं, असा त्याचा संसार. पाण्यात आवाज सेकंदाला जवळपास दीड किलोमीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. काठावरचा माणूस निदान 'केवढा हा भडभडाट' तरी म्हणतो.

आणि तुम्हाला वाटत असेल की हा सगळा खटाटोप वाचवून बॅटरीवर चालणारी मोटर लावावी, तर मोटरबोटींवरच कायद्याचं लक्ष आहे, सांभाळून. २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने भोपाळच्या मोठ्या तलावातल्या क्रूझ आणि मोटरबोटी थांबवायला सांगितल्या, कारण त्या तलावाचं पाणी लोक पितात. तिघऱ्याचंही पितात, आज सकाळचा तुमचा चहा त्याच पाण्याचा असण्याची शक्यता बरीच आहे. उद्या इथेही तसंच झालं तर हाती वल्ही उरतील. वल्ह्याच्या बोटीला एल्बो नाही, होज नाही, सायफन नाही. फक्त भर उन्हात मधल्या पाण्यात पोहोचल्यावर आता वल्हं कुणी मारायचं यावरून जावई, मेहुणे आणि साडू यांच्यात जो आवाज होतो, त्याला कुठलं वॉटरलॉक बसवायचं ते मिस्त्रीला विचारून ठेवा.