पोपडा शेजारीच का आला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार काका, तुमची सणसणीत प्रतिक्रिया वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं की सळया गंजल्यामुळे पोपडे पडतात ही गोष्ट इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) करणाऱ्यांनी पोट भरायला पसरवलीय, खरा चोर सिमेंट खाणारा बिल्डर, नाहीतर व्हीटी स्टेशन अजून उभं कसं, आणि तुमच्या बेडरूमचा स्लॅब रिपेअर केल्यावर दोन वर्षांत बरोब्बर शेजारीच नवा पोपडा कसा आला.

व्हीटीचं सोपंय. दगडी भिंती, कमानी, सगळं वजन दाबाने खाली जातं आणि दाब सोसायला दगड पक्का, त्याला गंजणाऱ्या सळया लागतच नाहीत. काँक्रीटही दाबात दणकट, पण ताणात साधारण दहावा हिस्साच ताकद, म्हणून तर स्लॅबच्या खालच्या अंगाला, जिथे ताण येतो, तिथे सळया घालतात. (जुन्या इमारतींत जिथे लोखंडी गर्डर आहेत तिथे गंजाची रड आहेच, बघा कधी.)

आता सळई. ताज्या काँक्रीटचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, ७ च्या वर अल्कली) १२-१३, त्यात लोखंडावर एक पातळ संरक्षक थर टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं मुरत गेला की पीएच ९ च्या खाली येतो आणि थर गेला, वर आपल्याकडे समुद्राची खारी हवा, तिच्यातलं क्लोराइड (मिठातला घटक) तर पीएच चांगला असतानाही तो थर फोडतं. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो, सळई फुगते, काँक्रीटवर आतून ताण येतो आणि ते फुटतं, वर एक किलो वजन वाढलेलं नसतानाही. बिल्डरला मी सोडत नाहीये हं, जास्त पाणी घातलेलं काँक्रीट सच्छिद्र होतं, त्यात हे सगळं लवकर घडतं.

पण शेजारच्या पोपड्याचं कारण वेगळंय. गंजणारी जागा आधी स्वतः झिजून आजूबाजूच्या सळईला वाचवत होती. तिथे नवं, बिनमिठाचं मॉर्टर भरलं की ती जागा सेफ झाली आणि गंजायची पाळी लगतच्या खारट काँक्रीटमधल्या सळईवर आली! म्हणजे कॉन्ट्रॅक्टरने चांगलं मटेरियल वापरलं असलं तरी हे होऊ शकतं, नुसता सुटलेला भाग पाडून भरला तर शक्यता आणखी जास्त. सळईच्या मागेपर्यंत फोडायला हवं, गंज पूर्ण घासायला हवा आणि भोवतीच्या काँक्रीटचीही क्लोराइड टेस्ट करून मग किती फोडायचं ते ठरवायला हवं.

आणि ते पीओपीचं फॉल्स सीलिंग म्हणताय ते आत्ता नका करू, भेगा दिसायच्याच बंद होतील.