विश्वासणाऱ्यानं पापासाठी रडू नये म्हणे!

आपल्या इकडच्या प्रार्थनेच्या ग्रुपांवर एक मेसेज लय फिरून राहिला. येशूनं सगळं पाप क्रूसावर घेतलं, आता विश्वासणाऱ्यानं पापासाठी दुःख करणं म्हणजे अविश्वास, माफी झाली की मागचं सगळं पुसलं गेलं, अन् मनाला टोचणी लागली तर ती सैतानाची. कितीतरी चांगले लोक आमेन टाकून पुढं ढकलून राहिले म्हणून लिहितो.

अविश्वास? बायबलमध्ये पौलानं लिहिलेल्या पत्रातली, रोम 8:1 मधली "दंडाज्ञा नाही" ही गोष्ट मी पण मानतो, त्यावरच जगतो. पण तोच पौल 2 करिंथ 7:10 मध्ये म्हणते की देवाच्या इच्छेप्रमाणं झालेलं दुःख पश्चात्तापाकडं नेते. करिंथचे लोक विश्वासणारेच होते ना! त्यांच्यात एवढं मोठं पाप झालं अन् ते शोक करायचं सोडून फुगून बसले, म्हणून आधीच्या पत्रात त्यानं त्यांना चांगलं झापलं आहे.

पुसलं गेलं म्हणता, तर दावीद राजाचं पाहा. त्यानं उरीया नावाच्या आपल्या शिपायाच्या बायकोशी व्यभिचार केला, अन् ते लपवायला उरीयाला लढाईत मारवलं. मग पश्चात्ताप केल्यावर नाथान संदेष्ट्यानं त्याला सांगितलं, परमेश्वरानं तुझं पाप दूर केलं, तू मरणार नाहीस, अन् लगेच सांगितलं की त्या बाईपासून झालेलं लेकरू मरेल. उरीया तर गेला तो गेलाच. इथं एखाद्यानं धुरा कोरत कोरत भावाचं वावर दाबलं, किंवा दारूत बैलजोडी विकली अन् मग प्रभूत आला, तर वावर आपोआप परत जाते का, बायकोचा भरवसा रविवारी प्रार्थना झाली की सोमवारी येते का? लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय येशूला भेटला, तर स्वतःहून चौपट परत देतो म्हणाला.

राहिली सैतानाची गोष्ट. येशूचा शिष्य पेत्र, मी त्याला ओळखत नाही म्हणून तीनदा नाकारल्यावर, बाहेर जाऊन ढसाढसा रडला, ते रडणं सैतानाचं होतं काय? हो, दुःख माणसाला मारू पण शकते, पौलच ते त्याच वचनात सांगते, अन् पैशासाठी येशूला धरून देणाऱ्या यहूदाचं तसंच झालं, त्यानं फास घेतला. पण तो आधी त्या कामाची मिळालेली तीस नाणी परत घेऊन मुख्य याजकांकडं गेला होता, मी निर्दोष माणसाला धरून दिलं म्हणाला, तर ते म्हणाले, आम्हाला काय त्याचं. आपण पण रडत आलेल्या माणसाला "रडू नको, तो सैतान आहे" म्हणून गप्प करतो तेव्हा त्याला तसंच एकटं पाडतो, अन् आपल्या या भागात एकटा पडलेला माणूस काय करून बसते ते साऱ्यांनी पाहिलं आहे. त्याच्याजवळ बसा, त्याचं पूर्ण ऐका, दावीदाची पश्चात्तापाची प्रार्थना, स्तोत्र 51, त्याच्यासोबत वाचा, अन् त्याला ज्याच्याकडं माफी मागायला जायचं आहे त्याच्या दारापर्यंत सोबत जा.