‘नागाचे दात काढलेत, बसा बिनधास्त’: सहलीच्या ग्रुपवरच्या सल्ल्याची झाडाझडती

जयपूर-पुष्करच्या सहलीला निघणाऱ्यांच्या ग्रुपवर फिरणारा सल्ला साधारण असा असतो: ‘गारुडी दिसला तर घाबरू नका. नाग पुंगीच्या सुरांनी गुंगलेला असतो, दात काढलेले असतात, दुधावर पोसलेला असतो. टोपलीशेजारी बसून फोटो काढा. चावलाच तर गारुड्याकडे मणी असतोच.’ यातलं एकही वाक्य टिकत नाही.

गुंगलेला नाग फणा काढत नाही. अंधाऱ्या टोपलीचं झाकण एकदम उघडलं की तो बिथरतो, अंगाचा पुढचा तिसरा हिस्सा उभारतो आणि समोर हलणाऱ्या वस्तूवर नजर रोखतो. ती वस्तू म्हणजे पुंगीचा भोपळा, नाहीतर गारुड्याचा गुडघा किंवा मूठ. तेवढंच बघत राहा: गारुड्याने वाजवत असताना हालचाल थांबवली की डोलणंही थांबतं. (‘साप ठार बहिरा असतो’ हेही खरं नाही. बाहेरचा कान नसला तरी आतला असतो. जमिनीतली कंपनं आणि हवेतले खालच्या पट्टीतले आवाज त्याला कळतात.)

दातांचा मुद्दा सगळ्यात घातक. विषदंत उपटले तरी मागे हिरडीत बदली दात तयारच असतात; काही आठवड्यांत नवा विषदंत जागेवर येतो. विषग्रंथी डोळ्यामागे असते, ती दाताबरोबर निघत नाही. म्हणजे तुमच्या पुढ्यातल्या नागाचे दात कालच काढलेत की महिन्यापूर्वी, हे बघून सांगता येत नाही. काही जण तोंडच दोऱ्याने शिवतात, जिभेपुरती फट ठेवून. जखम चिघळते, खाणं बंद पडतं आणि नाग मरतो. मग नवा पकडून आणतात.

दूध हा सापाचा आहारच नाही. नागपंचमीच्या आधी तहानलेला ठेवलेला साप समोर येईल ते पितो. दूध श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला संसर्ग होतो.

टोपलीशेजारी बसण्याचा हिशेब सोपा आहे. दीड मीटरचा नाग साधारण अर्धा मीटर उभा राहतो आणि जवळपास तेवढ्याच अंतरावर पुढे झेपावतो. गारुडी त्या टप्प्याच्या जरा बाहेर बसतो. फोटोसाठी वाकलेला माणूस नेमका आत येतो. भीती वाटत असेल तर तीन-चार मीटर मागे उभं राहा, मुलांना पुढे सोडू नका, गळ्यात साप घालायला सरळ नकार द्या. शिवाय 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार नाग पकडणं, बाळगणं आणि असा खेळ करणं गुन्हा आहे; पैसे टाकले की पुढच्या नागाची सोय होते.

आणि मणी? तो विष शोषत नाही, वेळ खातो. नागाचं विष मज्जातंतूंवर काम करतं: पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास अडकतो. चावलेल्या भागावरच्या अंगठ्या-घड्याळं काढा, हात-पाय फळी बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, 108ला फोन करा. चिरा देणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं टाळा. साप पकडून दवाखान्यात नेऊ नका. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, त्यामुळे यातला कुठला साप चावला हे कळलं नाही म्हणून उपचार अडत नाहीत.