‘न्यूट्रल आणि अर्थ एकच’ सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

मिरजेला राहणाऱ्या माझ्या मावशीने यंदा मागच्या पडवीला भिंत घालून स्वयंपाकघर वाढवून घेतले. ओटा लांबला, फ्रीज आत आला, आणि इंडक्शन शेगडी, मायक्रोवेव्ह व भांडी घासण्याच्या जागेवरचा गीझर यांच्यासाठी नवे पॉइंट निघाले. वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट कुठे आहे असे मी विचारले, तेव्हा तिने मोबाइलवर आलेला एक लांबलचक संदेश माझ्यापुढे धरला. तो तिला भजनी मंडळाच्या गटात मिळाला होता, तिने तो वायरमनला दाखवला होता, आणि वायरमनने त्याप्रमाणे कामही केले होते. गेली २२ वर्षे विद्युत पर्यवेक्षक म्हणून काम करताना हा संदेश थोड्याफार फरकाने मी अनेकांच्या फोनवर पाहिला आहे. आता तो घरातच शिरला, म्हणून हे उत्तर.

संदेशाचे म्हणणे असे आहे : परवानाधारक ठेकेदाराची सक्ती कारखान्यांना असते, घराला नाही, टेस्ट रिपोर्ट मीटर बसेपर्यंतच लागतो आणि पुढे तो पैसे उकळण्याचे साधन होतो, नवी लाइन जुन्या बोर्डावरून ओढावी आणि एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) पडत राहिला तर ३२ अँपिअरचा बसवावा, नव्या पॉइंटपर्यंत अर्थची तार पोचत नसेल तर सॉकेटमध्येच न्यूट्रल (प्रवाहाच्या परतीची तार) आणि अर्थ (जमिनीला जोडलेली, सुरक्षेसाठीची तार) जोडून टाकावे, कारण ते शेवटी एकच असतात, आणि आरसीसीबी (प्रवाह जमिनीकडे गळू लागला की वीज तोडणारा स्विच) पावसाळ्यात त्रास देतो, म्हणून तो काढून टाकावा.

कायद्याचा मुद्दा आधी संपवतो, कारण त्यात वादाला जागाच नाही. ग्राहकाच्या जागेतील कोणतेही विद्युत काम, त्यात जुन्या मांडणीत केलेली भर, फेरफार आणि दुरुस्तीही आली, राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्रीकडून (वायरमनकडून) करून घ्यायचे असते. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत हा ४५ वा नियम होता. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षाविषयक विनियमांत तो २९ व्या क्रमांकावर आला, आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या विनियमांतही तो कायम आहे. ‘ग्राहक’ या शब्दात घरमालक येतो, आणि पडवीत काढलेले नवे पॉइंट म्हणजे मांडणीत केलेली भरच होय. संदेशात एक गोष्ट अर्धी खरी आहे, ती मान्य करतो. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा २५० व्होल्टपर्यंतचे घरगुती उपकरण बदलण्यासाठी ठेकेदार लागत नाही. तशी सूट याच नियमात दिलेली आहे. मात्र त्या बदलाने मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये, अशी अट त्याच वाक्यात आहे, आणि संदेश लिहिणाऱ्याने नेमकी तीच गाळली आहे.

आता न्यूट्रल आणि अर्थ. बाकी सारे मुद्दे चुकीचे असले तरी त्यांतले काही फक्त खर्चात पाडतात. हा मुद्दा माणूस मारतो. वितरण रोहित्रापाशी (ट्रान्सफॉर्मरपाशी) न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो, हे खरे आहे, आणि ‘एकच’ या शब्दाचे मूळ तिथेच आहे. परंतु रोहित्रापासून घरातल्या सॉकेटपर्यंत येणारी न्यूट्रलची तार उपकरणाचा प्रवाह रोज वाहून नेत असते, तर अर्थची तार दोष होईपर्यंत रिकामी असते. उपकरणाचे धातूचे अंग अर्थच्या पिनेला जोडलेले असते ते याच रिकामेपणाच्या भरवशावर. सॉकेटच्या पाठीमागे वीतभर तारेने दोन्ही जोडले, की फ्रीजचे दार, मिक्सरचा स्टीलचा भाग आणि गीझरची टाकी थेट न्यूट्रलला जोडली जातात. न्यूट्रल शाबूत आहे तोवर काहीच जाणवत नाही. उलट, फेजची, म्हणजे वीज आणणारी, तार उपकरणाच्या अंगाला टेकली तर शॉर्टसर्किट होऊन एमसीबी पडतो, त्यामुळे करणाऱ्याला वाटते की युक्ती चालली.

मग एखाद्या दिवशी जुन्या बोर्डातला न्यूट्रलचा स्क्रू सैल होतो, किंवा जोड जळतो. फ्रीज बंद पडतो. घरातली बाई स्वाभाविकपणे जवळ जाते, प्लग नीट बसला आहे का पाहते, दार उघडते. त्या क्षणी फेज उपकरणाच्या आतून न्यूट्रलच्या पिनेपर्यंत आलेला असतो, परतीची वाट तुटलेली असते, आणि त्या वीतभर तारेतून तो अर्थच्या पिनेवर, तेथून दारावर पोचलेला असतो. ओट्याखालच्या ओल्या फरशीवर अनवाणी उभी असलेली ती बाई हीच जमिनीकडे जाणारी एकमेव वाट उरते. ओल्या अंगाचा रोध हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला तिच्यातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने हा प्रवाह एखाद्या ट्यूबलाइटएवढा आहे. तो पडण्याचा प्रश्नच येत नाही. जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल उलटे लागलेले मी कितीदा पाहिले आहेत. तसे असेल तर न्यूट्रल तुटण्याचीही वाट पाहावी लागत नाही. प्लग घातल्याक्षणी सगळे उपकरण जिवंत होते.

सर्वांत वाईट हे, की हा खोटा अर्थ नेहमीच्या तपासणीत खराच दिसतो. फेज आणि अर्थच्या भोकांत टेस्ट लॅम्प घातला की तो लख्ख पेटतो, आणि वायरमन म्हणतो, ‘काकू, अर्थ आला.’ मावशीकडे नेमके हेच झाले होते. मी मेन बंद करून नव्या बोर्डाची प्लेट उघडली, तेव्हा तीनही सॉकेटांत काळ्या तारेचा तुकडा न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेवर टाकलेला होता, आणि हिरवी तार भिंतीत आलेलीच नव्हती. हे टेस्ट लॅम्पने कधीच कळले नसते. अर्थची तार जमिनीत पुरलेल्या इलेक्ट्रोडपर्यंत अखंड आहे की नाही हे मोजावे लागते, आणि त्यासाठीच चाचणी असते.

टेस्ट रिपोर्ट म्हणजे निव्वळ कागद, या मुद्द्याला उत्तर वरच मिळाले आहे. फक्त त्यात काय असावे ते सांगतो. ५०० व्होल्ट डीसीच्या मेगरने (इन्सुलेशन मोजण्याच्या यंत्राने) तारा आणि जमीन यांच्यातला इन्सुलेशनचा रोध एक मिनिट मोजून तो किमान एक मेगओहम भरला पाहिजे. शिवाय अर्थची अखंडता, अर्थचा रोध, फेज-न्यूट्रलची जागा आणि आरसीसीबीची चाचणी यांची नोंद हवी. काही ठेकेदार घराची पायरीही न चढता शिक्का मारून देतात, हे मला कबूल करावेच लागेल, आणि संदेश पसरतो तो या लोकांमुळेच. पण त्यावरचा उपाय मेगर आपल्यासमोर लावायला सांगणे, आकडे स्वतः वाचणे आणि परवान्याचा क्रमांक उतरवून घेणे हा आहे.

मोठ्या एमसीबीचा सल्ला आग लावणारा आहे. एमसीबी तारेच्या रक्षणासाठी असतो. मावशीच्या जुन्या बोर्डाला आलेली तार दीड चौरस मिलिमीटरची होती, जी पाइपातून साधारण १५ अँपिअरच्या आसपासच पेलते. तीन हजार वॉटचा गीझर, दोन हजारांची शेगडी आणि बाराशेचा मायक्रोवेव्ह एकाच वेळी चालले तर सुमारे २७ अँपिअर होतात. तिथे ३२ चा एमसीबी बसवला, तर तो मुळीच पडणार नाही. त्याच्या मानकानुसार ३६ अँपिअर तासभर वाहिले तरी त्याने पडता कामा नये. प्लास्टरच्या आत इन्सुलेशन मऊ होत राहील आणि ओट्यापाशी कोणाला पत्ताही लागणार नाही. गीझरला आणि शेगडीला थेट डीबीपासून (घरातल्या मुख्य वितरण बोर्डापासून), चार चौरस मिलिमीटरच्या तारेने, स्वतंत्र लाइन काढावी. आणि एवढा भार वाढल्यावर मंजूर भारही महावितरणकडून वाढवून घ्यावा.

आरसीसीबीबद्दल फार लिहीत नाही. घरगुती जोडणीसाठी गळतीची मर्यादा ३० मिलिअँपिअर ठरवून दिलेली आहे, आणि वर सांगितलेल्या बाईला वाचवू शकणारे घरातले ते एकमेव उपकरण आहे. पावसाळ्यात तो पडतो, कारण कुठेतरी ओल खरोखर तारेपर्यंत पोचलेली असते. एकेक लाइन बंद करून ती जागा शोधता येते. त्याचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबावे, मात्र अर्थिंग नसतानाही ते बटण काम करते, म्हणून त्यावरून अर्थिंग ठीक असल्याचा निष्कर्ष काढू नये.

ज्यांच्या घरी हा संदेश वाचून काम झाले आहे, किंवा ज्यांच्या वायरमनने अर्थची तार न ओढताच अर्थ दिला आहे, त्यांनी आजच मेन बंद करून त्या सॉकेटांतले सर्व प्लग काढून ठेवावेत, आणि परवानाधारक माणूस येऊन प्लेट उघडेपर्यंत तिथे काहीही लावू नये. प्लेट स्वतः उघडू नये. मावशीचा फ्रीज सध्या चार दिवस जुन्या खोलीतल्या, अर्थ मोजून घेतलेल्या सॉकेटवर चालू आहे.